तोंड दाराकडे

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. पण माझ्यात बसायचे म्हणाल, तर तुमच्यातल्या सगळ्यात लहान मुलाचा तळहातसुद्धा आत मावायचा नाही. मी लाकडाची आहे. खरी गाडी कशी दिसेल हे मोठ्या लोकांना कळावे म्हणून आधी लाकडाची छोटी गाडी करतात. तिला नमुना म्हणतात. मोठ्या लोकांना पुष्कळ गोष्टी छोट्या करूनच दाखवाव्या लागतात.

तुम्ही शाळेच्या सहलीला या सरकारी इमारतीत येता, खालच्या दालनात माझ्या कपाटाच्या काचेला नाके लावता, श्वासाचे गोल उमटवता आणि माझ्या पायाशी ठेवलेली पाटी मोठ्याने वाचता : 'रुग्णवाहिका'. मग दर सहलीत कुणीतरी एक जण विचारतोच, की रुग्णवाहिका आहे तर हिच्या डोक्यावर तोफ कशाला? तुमच्या शिक्षिका म्हणतात, पुढे चला, रांग मोडू नका. त्यांचाही दोष नाही. त्यांना अजून वरचे दोन मजले दाखवायचे असतात. त्या प्रश्नाचे उत्तर द्यायला या इमारतीत रिकामी अशी मीच आहे, म्हणून सांगते.

माझा जन्म चिलखती गाड्यांच्या कारखान्यात झाला. चिलखती म्हणजे जाड पोलादाच्या अंगाच्या, गोळी लागली तरी भोक न पडणाऱ्या. कारखाना सगळा लोखंडाचा, पण त्याच्या मागच्या कोपऱ्यात एक सुतारखाना होता आणि तिथे एकच मिस्त्री उरले होते. कानावर पेन्सिल, ओठांत दोन-तीन खिळे, त्यामुळे बोलणे बेताचे. त्यांनी मला एका मोडीत निघालेल्या दाराच्या फळीतून घडवले. रंधा मारला, पटाशीने कोरले, पॉलिश पेपरने इतके घासले की माझ्यावर बोट ठेवले तर आपोआप घसरावे. चाके फिरणारी केली. मागची दारे उघडणारी केली. आत काडीपेटीतल्या काडीएवढे दोन स्ट्रेचर ठेवले आणि त्यांवर जुन्या उशीच्या अभ्र्याची गादी शिवून घातली. कुणी विचारले नव्हते, कुणी सांगितले नव्हते. पण आजारी माणसाला लाकडावर कसे निजवायचे, असे त्यांना वाटले असावे. मग मला पांढराशुभ्र रंग दिला आणि दोन्ही अंगांना दवाखान्याची लाल खूण काढली. त्या दिवशी मी स्वतःवर इतकी खूश होते, की नजर लागेल म्हणून कुणीतरी मला काळा ठिपका लावायला हवा होता.

एक गोष्ट मात्र तेव्हाच घडली होती. नकाशात माझ्या छताला एक गोल भोक दाखवले होते आणि भोकाच्या कडेला आतून बारीक बारीक दाते. मिस्त्रींनी तोंडातले खिळे काढून मुकादमाला विचारले, की रुग्णवाहिकेला हे कशाला? मुकादम म्हणाला, सांगाडा एकच, गाड्या अनेक. भोक सगळ्यांना असते, ज्याला नको त्याने झाकण लावायचे. मिस्त्रींनी खिळे परत तोंडात घातले. त्यांचा मुलगा त्याच कारखान्यात जोडकामाला होता. गिऱ्हाईक नव्हते म्हणून सगळ्यांना अर्धी पाळी, अर्धा पगार चालला होता आणि पोराच्या सासरचे लोक लग्नाची तारीख पुढे ढकलत होते. मिस्त्रींनी भोक पाडले, दाते कोरले आणि वर इतके बेमालूम झाकण बसवले, की त्याची कड डोळ्यांना दिसू नये, फक्त नखाला लागावी. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती अशी.

मग मला खोक्यात घालून या इमारतीत आणले. चौथ्या मजल्यावरच्या खोलीत लांब टेबलावर ठेवले. ती खोली एका समितीची होती. आपल्या कारखान्यांतले लढाईचे सामान परदेशाला विकायचे की नाही, हे ती समिती ठरवायची. नियम साधा होता : जो देश आपल्याच माणसांवर शस्त्र उगारतो, त्याला शस्त्र विकायचे नाही. नियम भिंतीवर चौकटीत लावला होता. त्या चौकटीची काच रोज पुसली जायची.

समुद्रापलीकडच्या एका देशाला याच नियमाने पूर्वी नकार गेला होता. तिथली माणसे संध्याकाळी चौकात येऊन उभी राहत आणि तिथल्या सरकारला ते बघवत नसे. नकार गेल्यावर त्या सरकारने वर्षभर विचार केला आणि नवी मागणी पाठवली. आम्हाला शस्त्रे नकोत. रुग्णवाहिका द्या. आमच्या जखमींची आम्हाला काळजी वाटते.

ती रुग्णवाहिका म्हणजे मी.

आता खोलीतली माणसे सांगते. मोठे साहेब समितीचे अध्यक्ष. मऊ बोलायचे, मऊ चालायचे, आणि कुणाचे मन दुखवायची त्यांना फार भीती वाटायची. त्यामुळे कुठल्याही विषयावर ते शेवटपर्यंत सगळ्यांशी सहमत असायचे. त्यांच्या उजवीकडे कायदेसाहेब, ज्यांना कुठलीही गोष्ट लिहिल्याशिवाय घडल्यासारखी वाटत नसे. समोर माझ्या कारखान्याचे संचालक. टेबलाच्या टोकाला एक टिपणकार, जो ऐकायचे ते उतरवायचा. आणि खिडकीजवळ एक बाई. त्या परराष्ट्र खात्याकडून बसायच्या. चष्मा डोक्यावर ठेवून तो टेबलभर शोधायच्या आणि सापडला की स्वतःशीच 'घ्या' म्हणायच्या.

आणखी एक माणूस होता, पण तो दाराबाहेर असायचा. चहावाले काका. दाराला वरच्या अर्ध्या भागात काच होती. काका चहाची गाडी घेऊन काचेबाहेर उभे राहत आणि आत बघत.

आत काय बघत, हे नीट ऐका, कारण माझ्या आयुष्याची सगळी गोष्ट त्यावरच फिरली.

मोठ्या साहेबांना कुणाला 'पुरे' म्हणता येत नसे. लांबण लावणारा सभासद असला की ते घामाघूम होत. म्हणून फार पूर्वी त्यांनी आणि काकांनी आपसांत एक खूण ठरवली होती. टेबलावर जो नमुना असेल, बोट असो, तोफ असो, विमान असो, त्याचे तोंड साहेबांनी हळूच दाराकडे फिरवायचे. काकांनी ते काचेतून बघायचे आणि चहा आत आणायचा. चहा आला की टिपणकार पेनाला टोपण लावायचा. आणि टोपण लागले की विषय संपला, जिथे होता तिथे मंजूर. हा दुसरा भाग सगळ्यांना ठाऊक होता. एकदा कुणीतरी चहानंतर एक विषय पुन्हा उघडला होता, तर महिनाभर जो तो आपापले जुने विषय उघडत बसला. तेव्हापासून कायदेसाहेबांनी पक्के करून टाकले, की चहानंतरचे बोलणे म्हणजे गप्पा. नमुन्याच्या तोंडाची खूण मात्र फक्त साहेबांना आणि काकांना माहीत होती. आणि आम्हा नमुन्यांना. पण आम्हाला कोण विचारतो.

माझे तोंड सुरुवातीपासून खिडकीकडे होते. म्हणजे बाईंकडे.

बाई बैठकीच्या आधी येऊन बसत. खोलीत दुसरे कुणी नसताना खिडकीशी उभ्या राहून फोनवर बोलत. त्यामुळे मला त्यांचे घर न बघताच पाठ झाले. त्यांची धाकटी बहीण त्याच समुद्रापलीकडच्या देशात दिली होती. आईवडील गेल्यावर बाईंनीच तिला वाढवले होते, शिकवले होते, तिथला मुलगा तिला आवडला तेव्हा रडत-रडत हो म्हटले होते आणि दिल्या घरी सुखी राहा म्हणून बोटीवर चढवले होते. धाकटीचे घर एका अरुंद गल्लीच्या तोंडाशी, पुस्तके बांधणाऱ्याच्या दुकानावर. नवरा तेच दुकान चालवायचा. दोन मुले. धाकटी फार बडबडी. तिकडच्या मंडईपासून नळाच्या पाण्यापर्यंत सगळे सांगायची आणि बाई हूं हूं करत ऐकायच्या. फोनमधला आवाज मोठा यायचा, त्यामुळे मीही ऐकायची.

एकदा धाकटी म्हणाली, "ताई, उगाच काळजी करू नकोस. आमच्या गल्लीत सरकारच्या गाड्याच शिरत नाहीत. मागच्या वेळी एक अडकली, तर पोरांनी तिच्या टपावर बसून पत्ते खेळले."

बाई हसल्या. हसता हसता त्यांची नजर माझ्याकडे गेली, आणि हसणे तिथेच राहिले. कारण आदल्याच बैठकीत संचालक माझ्या अंगावर थोपटून सांगत होते, की हिची रुंदी बघा, इतकी बारीक गाडी दुसरीकडे मिळायची नाही. कसल्याही चिंचोळ्या गल्लीत शिरते आणि पेशंटला दारातून उचलते.

तुम्ही म्हणाल, मग बाईंनी उठून सांगून का टाकले नाही? सांगते. त्या खोलीत आणखी एक नियम होता. ज्या देशाचा विषय असेल, त्या देशात ज्याचे नातलग असतील त्याने बाहेर बसायचे. नात्याने मन झुकते म्हणून. मोठे साहेब दर बैठकीच्या आरंभी चष्मा पुसता पुसता विचारत, "कुणाचं कुणी तिकडे दिलेलं-घेतलेलं नाही ना? नाही. चला." उत्तराला जागाच ठेवत नसत. बाई त्या वेळी टेबलाकडे बघत. बोलल्या तर बाहेर, आणि बाहेर गेल्या तर आत एकही माणूस उरला नसता, ज्याला त्या गल्लीची रुंदी ठाऊक होती. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ना, तसे. त्यांनी आत बसायचे ठरवले.

संचालकांबद्दल वाईट सांगणार नाही. ते कारखान्यातल्या माणसांची खरीच काळजी करत. एकदा भट्टी विझली की पुन्हा पेटत नाही साहेब, असे ते पुन्हा पुन्हा सांगत. मला मिस्त्री आठवले, त्यांचा मुलगा आठवला, पुढे-पुढे जाणारी लग्नाची तारीख आठवली. मी कारखान्याचीच लेक. मला कुणाच्या बाजूने व्हावे ते कळेना. बरे, मी होऊन काय होणार होते?

शेवटची बैठक दुपारी होती. ऊन टेबलावर आडवे पडले होते आणि माझी सावली टिपणकाराच्या वहीपर्यंत गेली होती. संचालकांचे सांगून झाले. कायदेसाहेबांनी सांगितले, की रुग्णवाहिका हे शस्त्र नव्हे, सबब भिंतीवरचा नियम लागू होत नाही. मोठे साहेब दोघांशी सहमत झाले. मग ते बाईंकडे वळले, नुसते औपचारिक. बाई उठल्या आणि त्यांनी मला उचलले.

इतके दिवस मला सगळ्यांनी थोपटले होते, कुणी उचलले नव्हते. बाईंनी माझ्या छतावरून बोट फिरवले, नखाला कड लागली आणि त्यांनी झाकण उचकटले. टक् असा आवाज झाला. कायदेसाहेबांनी मान वर केली.

"हे भोक कशाला?" बाईंनी विचारले.

"हवेला," संचालक म्हणाले. "आत माणसं असतात. हवा खेळती राहिली पाहिजे."

"बरं." बाईंनी मला तिरपे करून सगळ्यांना दाखवले. त्यांनी भोकाच्या कडेवरून बोट फिरवले आणि माझे दाते कुर्रर् वाजले. "आणि हे दाते? हवेला दाते कशाला लागतात?"

संचालक गप्प बसले. उत्तर त्यांना येत होते, म्हणूनच गप्प बसले. कारखान्यातल्या पोरासोरांनाही ते येत होते. त्या दात्यांवर एक पोलादी टोपी बसते. टोपीला नळी असते. टोपी दात्यांवर गोल फिरते आणि नळी हवी तिकडे वळते.

कायदेसाहेब पुढे सरकले. त्यांनीही बोट फिरवून बघितले. "हे मला कुणी दाखवलं नव्हतं," ते हळूच म्हणाले. मग टिपणकाराकडे बघून म्हणाले, "बाईंचा प्रश्न लिहून घ्या. हे बघावं लागेल." मोठ्या साहेबांनी मान डोलावली, ते बाईंशी सहमत झाले. टिपणकाराने लिहायला घेतले. मित्रांनो, मला आजही वाटते, की तेवढ्या वेळापुरते सगळे वाचले होते. गल्ली, दुकान, पत्ते खेळणारी पोरे, सगळे. माझ्या लाकडात ऊब आली होती.

बाईंच्या एका हातात मी आणि दुसऱ्या हातात झाकण. चष्मा नाकावरून घसरत होता. तो सावरायला हात मोकळा हवा, म्हणून त्यांनी मला खाली ठेवले. सहज, बघितल्याशिवाय, हाताला आले तसे.

माझे तोंड दाराकडे आले.

मला ओरडायचे होते. लाकूड फार तर किरकिरते, तेही थंडीत. काचेपलीकडे काकांची मान वर झाली. त्यांनी माझ्याकडे बघितले, साडीच्या निऱ्या घालाव्यात तशा निगुतीने हातातल्या रुमालाची घडी घातली, आणि दार उघडले. कपबश्या किणकिणत आत आल्या.

टिपणकाराने पेनाला टोपण लावले. त्याचा काही वाईट हेतू नव्हता. त्याचा हात चहाच्या आवाजाला सरावला होता. वाक्य अर्धेच राहिले : 'बाईंनी विचारले की'. बस्स, तेवढेच.

मोठे साहेब क्षणभर बावरले. आपण तर खूण केली नव्हती. त्यांनी दाराकडे बघितले, मग माझ्याकडे बघितले, आणि त्यांना कळले. आणि मित्रांनो, त्यांच्या चेहऱ्यावर जे आले ते मी आयुष्यभर विसरणार नाही. त्यांना बरे वाटले. परीक्षा अचानक रद्द झाली की तुम्हाला वाटते ना, तसे बरे वाटले.

"चहा आला," ते म्हणाले. "मग झालं."

"साहेब, माझं बोलणं व्हायचंय."

"बोला ना बाई. चहा घेत-घेत बोला. इथे परकं कोण आहे?"

बाईंनी टोपण लागलेल्या पेनाकडे बघितले. आता त्या काहीही बोलल्या असत्या तरी त्या गप्पाच ठरल्या असत्या. मला वाटते, म्हणूनच त्यांनी ते सांगितले. लपवून ठेवण्यासारखे काही उरलेच नव्हते.

"माझी धाकटी बहीण तिकडे दिलीय, साहेब. गल्लीच्या तोंडाशी घर आहे. ही गाडी त्या गल्लीत बरोब्बर शिरते."

मग मोठे साहेब फार मायेने म्हणाले, "अहो, आधी सांगायचं नाही का? तुम्हाला बाहेर बसवलं असतं. एवढा ताण कशाला घेतलात?"

कायदेसाहेबांनी समोरचे कागद जुळवले. "मग तो प्रश्नसुद्धा राहत नाही," ते म्हणाले. "नातलगाचा प्रश्न घेता येत नाही." त्यांच्याही आवाजात सुटका होती. टिपणकाराने तेवढ्यापुरते टोपण काढले आणि अर्ध्या वाक्यावर रेघ मारली. संचालकांनी बिस्किटांची बशी बाईंच्या पुढे सरकवली. त्यांना खरोखरच वाईट वाटले होते. बशी सरकवण्याखेरीज माणूस दुसरे काय करणार, असे त्यांच्या तोंडावर होते.

त्यानंतर माझे फार कौतुक झाले. परदेशी पाहुणे आले, त्यांनी माझ्याबरोबर फोटो काढून घेतले. वर्तमानपत्रात छापून आले, की आपण जखमींच्या मदतीला धावलो. कारखान्यात दोन-दोन पाळ्या सुरू झाल्या. मिस्त्रींच्या मुलाचे लग्न झाले. पांढऱ्या गाड्या बोटीत चढल्या, एकामागे एक, माझ्या धाकट्या नव्हे, माझ्याहून कितीतरी थोराड बहिणी.

वर्ष उलटले आणि दुसरी मागणी आली. छताची सुधारित झाकणे. गाडी आधीच मंजूर होती. झाकणाला समिती कशाला? ते चहापर्यंतसुद्धा पोचले नाही. नमुना अद्ययावत हवा म्हणून मला पुन्हा सुतारखान्यात नेले आणि मिस्त्रींना टोपी करायला सांगितली. त्यांनी ती केली. नळीसह. छतावर ठेवून जरा दाबली, तर कुठेही न घासता बसली. त्यांनी बोटाने फिरवली, ती गोल फिरली. बाजूला त्यांचा मुलगा जेवणाचा डबा घेऊन उभा होता.

"काय सुरेख बसली हो, बाबा," तो म्हणाला.

"बसणारच. भोक तिचंच होतं." मिस्त्री एवढेच म्हणाले. मग त्यांनी मागचे दार उघडले. टोपीखाली बसणाऱ्या माणसाला पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून आतले दोन्ही स्ट्रेचर काढले. उशीच्या अभ्र्याच्या गाद्या तळहातावर घेऊन ते थोडा वेळ बघत राहिले आणि मग त्यांनी त्या खिशात टाकल्या.

मला परत या इमारतीत आणले ते थेट खालच्या दालनात, काचेच्या कपाटात. पाटी जुनीच राहिली. आणि गंमत बघा, त्या दालनाची देखरेख बाईंकडेच आली होती. नाते लपवल्याबद्दल त्यांना कुणी शिक्षा केली नाही. फक्त वरच्या मजल्यावरून खाली आणले, जिथे विषय नसतात, वस्तू असतात. शिक्षा कशी करायची हे मोठ्या साहेबांना चांगले कळत होते, पण त्यांना कुणाला दुखवायचे नसायचे.

त्यामुळे फोन मला पुन्हा ऐकू येऊ लागले. दर रविवारी बाई कारण नसताना दालन उघडून बसत. घरी एकट्याच होत्या, आणि इथे निदान मी होते. धाकटी आता पूर्वीसारखी बडबडत नसे. एका रविवारी तिने सांगितले, की गल्लीच्या तोंडाशी एक पांढरी गाडी येऊन उभी आहे. मुलांनी पहिल्या दिवशी तिला हात केला, डॉक्टर आले म्हणून.

पुढच्या रविवारी तिने जे सांगितले ते मी तुम्हाला थोडक्यातच सांगेन. चौकात माणसे जखमी झाली होती. शेजारच्या म्हाताऱ्याच्या पायाला लागले होते. धाकटीच्या नवऱ्याने त्याला पाठीवर घेतले आणि तो गाडीकडे धावत सुटला. गाडीकडेच, मित्रांनो. गाडी पांढरी होती, तिच्यावर दवाखान्याची लाल खूण होती. टोपी फिरली. बाईंच्या हातातला फोन बराच वेळ रडत होता आणि बाई हूं हूं म्हणत होत्या, जशा मंडईचे भाव ऐकताना म्हणायच्या.

त्यानंतर फोन लागला नाही. घंटा वाजायची, कुणी उचलायचे नाही. मग घंटाही वाजेनाशी झाली. बाईंनी खूप जणांना विचारले, सगळ्यांनी मायेने उत्तरे दिली. रविवार येतच राहिले.

काका निवृत्त होणार होते त्या आठवड्यात ते चहा घेऊन खाली आले. वरच्या मजल्यावर कितीतरी वर्षे चहा नेला, एकदा खालीही द्यावा, म्हणाले. बाईंनी कप हातात घेतला, आणि मनात कित्येक दिवस घोळत असलेले विचारून टाकले.

"काका, त्या दिवशी तुम्ही चहा एवढ्यात कसा आणलात? मी बोलत होते."

"गाडीचं तोंड दाराकडे होतं, बाई," काका म्हणाले. आणि मग आता निघालोच आहोत तर काय हरकत आहे, अशा बेताने त्यांनी ती सगळी खूण सांगितली. बोट, तोफ, विमान. सांगताना थोडे अभिमानाने सांगितले. एवढ्या वर्षांत एकदाही चूक झाली नव्हती.

बाईंनी माझ्याकडे बघितले.

"साहेबांनी नव्हती फिरवली," त्या म्हणाल्या. "मी ठेवली होती. चष्मा सावरायला."

काकांना आधी कळले नाही. मग कळले. त्यांचा हात चहाच्या गाडीच्या दांडीवर गेला.

"मला काय ठाऊक, बाई?" ते म्हणाले. "मी काचेतून गाडी बघायचो. माणसं नाही बघायचो."

बाईंनी कप परत ठेवला, भरलेलाच. काकांनी तो उचलून नेला. या इमारतीत चहा परत गेलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. त्याने काहीच परत आले नाही, पण मी पाहिला, म्हणून सांगते.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी वस्तू म्हणते, मला जपा. मी नाही म्हणणार. मला उत्तम जपले आहे. माझ्यावर धुळीचा कण नाही, वाळवीचे औषध वेळच्या वेळी मारतात, माझ्यावर छोटा दिवासुद्धा लावला आहे. माझ्यासारख्या वस्तू फार जपल्या जातात. मला तुमच्याकडून दुसरेच हवे आहे, आणि ते मिळेल असे मला वाटत नाही, तरी मागते. कुणी तुम्हाला पांढरीशुभ्र वस्तू दाखवली तर तिच्यावरून नख फिरवून बघा. कड लागली तर उघडा. आत दाते असले तर कशाला म्हणून विचारा. आणि दुसरे कुणी तसे विचारत असेल, तर त्याचे वाक्य पुरे होईपर्यंत पेनाला टोपण लावू नका. चहा निवला तर निवू दे.

बाई परवा निवृत्त झाल्या. जाताना त्यांनी कपाट उघडले. टोपी उपटून फेकून देतील असे मला वाटले होते, पण ती सरकारी वस्तू, तिची नोंद असते. त्यांनी मला फक्त उचलले आणि माझे तोंड दालनाच्या दाराकडून भिंतीकडे फिरवले. फिरवून झाल्यावर चष्मा डोक्यावर सारला, काच बंद केली आणि किल्ली टेबलावर ठेवून गेल्या. विषय अजून संपलेला नाही, एवढेच त्यांना म्हणायचे असावे. ते कळणारे आता इथे कुणीच नव्हते. पण ती सगळी रात्र मी भिंतीकडे बघत होते, आणि मला बरे वाटत होते.

सकाळी झाडणारी मावशी आली. चांगली बाई आहे, हाताने स्वच्छ. तिने काच पुसली, आत बघितले आणि जीभ चावली. सहल यायची होती. तिने मला उचलले, पदराने पुसले आणि सरळ करून ठेवले.

सरळ म्हणजे, तोंड दाराकडे.